पुलावरचा शेतकरी

शेतकऱ्याने तलवार बाजूला ठेवली आणि छावणीच्या कडेने शेंगांचं बी पेरायला घेतलं.

"पेरतोयस?" कंपाउंडर जवळजवळ ओरडलाच. "अरे, समोर काळी फौज उभी आहे आणि तू पेरणी कसली करतोस?"

"फौज हिवाळा सरल्यावर चालून येणार आहे. आत्ताच नाही का म्हणाले घड्याळजी?" तो म्हणाला. "तोवर आपण खायचं काय?"

घड्याळजींनी डोळ्यातलं भिंग काढलं, त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि फासे त्याच्यापुढे सरकवले. सातच्या वर पडले तर पीक उगवणार, खाली पडले तर बी किडे खाणार. त्याने फासे ओंजळीत घोळवले, त्यांच्यावर फुंकर मारली आणि टाकले. नऊ पडले.

"उगवलं हो!" बाईंनी टाळी वाजवली. "शेतकरीदादा, वाचवलंत. माझ्या चेटकिणीला उपाशी पोटी एक मंत्र म्हणता येत नाही."

त्याचे कान लाल झाले. चाळिशीला टेकलेला माणूस, पण कोणी दोन शब्द बरे बोललं की त्याची ही अशी अवस्था व्हायची. मान खाली घालून तो टेबलावरची काच बाहीने उगाचच पुसत बसला.

ती काच त्यानेच कापलेली होती. नांगर त्याने चित्राबाहेर कधी पाहिला नव्हता, घरच्या कुंडीतलं रोपटंही त्याच्या हातून जगत नसे. तो एका कारखान्यात खिडक्यांच्या आणि आरशांच्या काचा कापायचा. उन्हाळ्यात घड्याळजींनी दुकानामागच्या खोलीतल्या टेबलासाठी काच मागवली आणि ती बसवायला मालकाने याला पाठवलं. येऊन बघतो तर टेबलावर एक अख्खं राज्य पसरलेलं. हाताने रंगवलेले डोंगर, दलदल, जळकं जंगल, मधोमध खोल दरी आणि दरीवर एक अरुंद पूल. बाजूला बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, एकेकाच्या डोळ्यातली बाहुलीसुद्धा रंगवलेली. त्याने काच बसवली, स्वतःच्या बोटांचे ठसे पुसले, आणि काम संपलं तरी तिथेच घुटमळत राहिला. कंपाउंडरने एक खुर्ची ओढली. "बसून बघा ना जरा," तो म्हणाला, "आमच्यात एक माणूस कमीच आहे." बसला तो बसलाच. त्यानंतर एकही शनिवार त्याने चुकवला नाही.

शनिवारी दुपारी घड्याळजी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढत आणि मागच्या खोलीत खेळ सुरू होई. खोलीत एक लोखंडी कपाट, एक नळ, चहाची शेगडी, आणि भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं. एकमेकांशी कधीच सहमत नसलेली. घड्याळजी स्वतः सैनिक होत नसत. ते राजा, तेच शत्रू, तेच पाऊस-पाणी, आणि नियम सांगणारेही तेच. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई चेटकीण होत्या. कंपाउंडर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पुड्या बांधायचा, खेळात तो एकाक्ष तिरंदाज होता. आणि याच्या वाट्याला आला शेतकरी. शेतातून ओढून आणलेला आणि हातात तलवार कोंबलेला माणूस. लढता येत नाही, पण पेरता येतं, रांधता येतं, ओझी वाहता येतात. हिरवी टोपी, वाकलेले खांदे, आणि तलवार अशी धरलेली की जणू विळाच.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "हा जिंकू शकतो का?"

"त्याचं तो बघेल," घड्याळजी म्हणाले होते.

खेळात एक दोऱ्याचा नियम होता. प्रत्येक सैनिकाला सुरुवातीला तीन लाल दोरे मिळत. ज्याच्यावर भरवसा वाटेल त्याला आपला दोरा द्यायचा आणि त्याने तो आपल्या सैनिकाच्या कमरेला बांधायचा. पुढे तुम्ही संकटात सापडलात, की ज्याच्या कमरेला तुमचा दोरा आहे तो तुम्हाला ओढून वाचवू शकतो. बाई आणि कंपाउंडर आपले दोरे काडेपेटीत घालून बसले होते. याने मात्र दलदल पार होण्याआधीच पहिला दोरा कंपाउंडरला देऊन टाकला. दुसरा बाईंना, त्यांच्या चेटकिणीने पावसात आग पेटवली म्हणून. तिसराही कंपाउंडरलाच, का तर तिरंदाजाच्या पायात बाण घुसला होता आणि तो रात्रभर एकटा कण्हत होता, असं घड्याळजींनी सांगितलं म्हणून.

"अरे, जखमी मी आहे आणि दोरा तू देतोस?" कंपाउंडर हसला होता.

"असू दे. तुझ्या जिवाला तेवढाच आधार."

"माझा दोरा तुलाच आहे बरं का. वेळ आली की देतो."

बदल्यात काही मागणं याच्या स्वभावात नव्हतं. त्या हिवाळ्यात शेतकऱ्याने दोघांना पोसलं. स्वतःचा घास काढून चेटकिणीला दिला, तिरंदाजाला पाठीवर घेऊन बर्फातून चालला, आणि हे सगळं करताना त्याच्या आयुष्याचे मणी एकेक करून वाटीतून कमी होत गेले. मणी कमी झाले की याला बरं वाटायचं. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो याचा तो पुरावा होता. खेळाबाहेरही तेच. बाईंना शाळेसाठी आरसा हवा होता, याने कापून, कडा घासून, खांद्यावरून नेऊन भिंतीला लावून दिला. कंपाउंडरच्या दवाखान्याची खिडकी फुटली, हा त्याच संध्याकाळी हजर. मित्र म्हटले की एवढं तर आलंच, असं त्याला वाटे, आणि मित्र या गोष्टीचा अनुभव त्याला फारसा नव्हता.

एक मित्र होता खरं तर. पण तो रोज शेजारीच असल्यामुळे त्याला कोणी मित्र म्हणत नव्हतं.

कारखान्यात कापणाऱ्याच्या टेबलाला लागून घासणाऱ्याचा पट्टा होता. याने हिरकणीने रेघ ओढायची, काच टेबलाच्या कडेवर टेकवून कट्‌कन मोडायची आणि पलीकडे द्यायची. पलीकडे काका ती ओल्या पट्ट्यावर धरून तिची धार मारत. दिवसभर पाण्यात आणि काचेच्या पांढऱ्या गाळात राहून काकांचे हात कोपरापर्यंत चुना फासल्यासारखे दिसत. याच्या बोटात काचेची कूस गेली की काकाच चष्मा लावून सुईने ती काढत, आणि काढताना स्वतःच "आई गं" म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत पट्टा बंद झाला, डबे उघडले, की काका विचारत, "मग? काय म्हणतोय आपला माणूस?"

आपला माणूस म्हणजे शेतकरी. सुरुवातीला काकांनी नुसतं हं हं केलं होतं; शिशाच्या बाहुल्या खेळणारी मोठी माणसं म्हणजे जरा अतिच, असं त्यांचं मत होतं. पण शेतकरी बर्फात चालू लागला आणि काकांना चैन पडेना.

"पांघरायला काय आहे त्याच्याकडे?"

"काही नाही. घोंगडं त्याने चेटकिणीला दिलं."

"का दिलं?" काका घास हातात धरून थांबले. "तिला मंत्र येतात ना? मग तिने करावी की ऊब! तू सांग त्या घड्याळवाल्याला, माणसाला एक घोंगडं तरी द्या म्हणावं. उगाच मारतील थंडीने."

"काका, खेळ आहे तो."

"ते कळतं मला. तरी सांग तू."

आणि याने खरंच सांगितलं होतं. घड्याळजींनी फासे टाकायला लावले, पडले तीन, घोंगडं मिळालं नाही. सोमवारी काकांनी तो सबंध दिवस घड्याळजींना नावं ठेवण्यात घालवला.

फौज पुलाशी पोचली त्या शनिवारी याने कारखान्यातून निघतानाच काकांना सांगितलं होतं, आज पूल. काका म्हणाले होते, "सांभाळून रे."

खोलीत आज कोणी चहा ठेवला नव्हता. घड्याळजींनी शेतकरी, चेटकीण आणि तिरंदाज असे तिघे पुलाच्या अलीकडे मांडले. मागे काळी फौज, पुढे दरी. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पाठ असलेली गोष्ट सांगावी तशा आवाजात म्हणाले, "पूल उपाशी आहे. एक जीव घेतल्याशिवाय तो कोणाला पलीकडे जाऊ देत नाही. आणि त्याला साधासुधा जीव चालत नाही. ज्याने आपले तिन्ही दोरे देऊन टाकलेत, असाच जीव लागतो."

याला आधी काही उमगलंच नाही. त्याने काचेवरच्या तिघांकडे पाहिलं, मग काडेपेट्यांकडे.

"म्हणजे शेतकरी," तो म्हणाला आणि हसला. "मग आता कसं करायचं?"

बाईंनी पर्स मांडीवर ओढली.

"एक मिनिट हं. आपल्याकडे शेंगांची तीन पोती शिल्लक आहेत. पूल उपाशी आहे ना? ती टाकून बघूया." त्याने घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी मान हलवली. "बरं, मग दोर लावून खाली उतरू. नाहीतर मागेच फिरू ना! डाव्या अंगाला जंगल आहे, तिथे पाणी आहे. मी पेरतो, तुम्ही राखण करा. पलीकडे जायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

"पलीकडे नाही गेलं तर खेळ कसला?" बाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी पर्समधून छोटी कात्री काढली होती. शाळेत मुलांना कागद कापायला देतात तशी, बोथट टोकाची. आपल्या चेटकिणीच्या कमरेचा लाल दोरा त्यांनी कापला आणि चिमटीत धरून काचेवर टाकला. मग कात्री कंपाउंडरकडे दिली.

कंपाउंडरकडे दोन दोरे होते. पहिला कापताना त्याने याच्याकडे पाहिलं नाही. दुसरा कापण्याआधी मात्र पाहिलं, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं होतं.

"बघा बघा, तोंड बघा!" दोरा तुटल्याबरोबर तो खदखदला. "मी म्हटलं नव्हतं? याचं तोंड सगळ्यात भारी होणार!"

बाईंनी तोंडाला पदर लावला होता. खांदे गदगदत होते. घड्याळजींनी चिमट्याने शेतकऱ्याला टोपीपाशी धरून उचललं, शेल्फावरच्या कपात सोडलं आणि कप काचेवर आणून ठेवला. कपात थिनर होतं. टोपीचा हिरवा रंग आधी सुटला, मग चेहऱ्याचा. थोड्या वेळाने तळाशी शिशाचा एक राखी तुकडा उरला, नाक नाही की डोळे नाहीत.

"रंग काढून ठेवतो," घड्याळजी म्हणाले. "पुन्हा लागतो."

तो हसला. हसणं भागच होतं. सगळे हसत असताना एकट्याने बसून राहणं हे मरण्यापेक्षा वाईट, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पण खुर्चीच्या दांड्याला धरूनच तो हसला.

"अहो, मनाला लावून घेऊ नका," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी होते तेव्हा मी रडले होते चक्क. पहिल्यांदा सगळे शेतकरीच होतात. आमच्यातली रीतच आहे ती."

"मी तर उठून घरी गेलो होतो," कंपाउंडर म्हणाला. "आठ दिवस कोणाशी बोललो नाही."

"मग पुढच्या शनिवारी मी कोण होणार?" त्याने विचारलं.

घड्याळजी फासे गोळा करत होते. "सैनिक व्हायचंय?"

"हो."

"होशील. पण पुढे दुसरी दरी आहे. तिलाही शेतकरी लागतो. तू काही आता शेतकरी होऊ शकत नाहीस, तुला सगळं माहीत झालं. तेव्हा तुझ्या जागी एक आण. आणलास की ही खुर्ची तुझी, कायमची."

"आणि नाही आणला तर?"

"तर आम्ही शोधू. कोणी ना कोणी काच बसवायला येतंच."

यावर पुन्हा हशा पिकला. कंपाउंडरने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मी नाही का तुला आणला? काही अवघड नाही."

दुकानातून बाहेर पडल्यावर तो कंपाउंडरबरोबर दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेला. रस्त्यावर भाजीच्या गाड्या उभ्या होत्या, एक माणूस पंपाने सायकलीत हवा भरत होता. जगात काही म्हणता काही घडलेलं नव्हतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू माझा मित्र आहेस ना?"

"म्हणजे काय! म्हणून तर सांगतोय," कंपाउंडर म्हणाला. "फार दिवस लावू नकोस. घड्याळजी थांबत नाहीत कोणासाठी. आणि हे बघ, असा आण की जो दोरे देईल. संशयी माणूस आणलास तर पुलापाशी सगळी पंचाईत."

घरी वहिनीने दार उघडलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तो भावाच्या घरी राहायचा, बाल्कनी बंद करून केलेल्या खोलीत. आत त्याच्या पलंगावर पुतणी मैत्रिणींना घेऊन पुस्तकं पसरून बसली होती.

"भाऊजी, आज लवकर?" वहिनी म्हणाली. "शनिवारी तुम्ही नसता म्हणून मी यांना तुमच्या खोलीत बसवते. आता काय, शनिवारी घरीच असणार का?"

"नाही, नाही," तो घाईघाईने म्हणाला. "आजचंच काय ते."

वहिनी वाईट नव्हती. तिने त्याला चहा दिला, तोही स्वयंपाकघरात उभ्याने प्यावा लागला, कारण बसायला जागा नव्हती.

रविवारभर त्याने माणसं शोधली. ओळखीचा हवा, रिकामा वेळ असणारा हवा, आणि आपल्यावर डोळे मिटून भरवसा टाकणारा हवा. टेम्पोवाला आठवला, पण तो सगळ्यांशी भांडणारा. मालकाचा पुतण्या तर आपली सावलीही कोणाला देणार नाही. शेजारचा पेन्शनर, सलूनवाला, लहानपणचा एक वर्गमित्र. एकेकाला समोर उभं करून त्याने परत पाठवलं. शेवटी एकच उरला. तो उरणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून तर इतरांना एवढा वेळ लावला. मग मात्र त्याला स्वतःची शिसारी आली. नाही म्हणजे नाही, असं त्याने ठरवलं. गेली खुर्ची तर गेली. रात्री तो शांत झोपला.

सोमवारी काकांनी सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच पट्टा बंद केला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"बोल लवकर. पुलाचं काय झालं?"

त्याने डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. समोर काका, हात पांढरे, चष्म्यावर गाळाचे ठिपके, मान पुढे काढून बसलेले. खरं सांगितलं तर त्यांचा घास घशाखाली उतरणार नाही, असं त्याला वाटलं. निदान तेव्हा तरी त्याने स्वतःला असंच सांगितलं.

"ओलांडला," तो म्हणाला.

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"आणि आपला?"

"तोच तर पुढे होता. दोघांनी मागून दोरे धरले होते त्याचे."

काकांनी मांडीवर थाप मारली. मांडीवर पांढरा पंजा उमटला. "मला माहीत होतं! अरे, दोन दिवस झोप नाही मला. म्हातारी विचारते, काय होतंय? तिला काय सांगणार, कपाळ? पण मी म्हणत होतो, त्याने एवढं जेवू घातलंय, पाठीवर वाहिलंय, अशा माणसाला कोण पडू देईल? माणसं काही इतकी वाईट नसतात." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून जरा लाजत म्हणाले, "मला दाखवशील का रे एकदा? लांबूनच बघेन. मध्ये काही बोलणार नाही."

इथे तो थांबू शकला असता. जागा नाही, लोकांना आवडत नाही, पुढे कधीतरी बघू. एवढं बोलायला काय लागतं? काका मनाला लावून घेणारे नव्हते. हो का, बरं, म्हणाले असते आणि जेवले असते. पण काकांनी स्वतःहून विचारलं होतं. आपण काही ओढून नेत नाही, असं कोणीतरी त्याच्या आतून अगदी समजूतदारपणे बोललं, आणि त्या आवाजाचा त्याला इतका आधार वाटला की रविवारची शिसारी नाहीशीच झाली.

"लांबून कशाला?" तो म्हणाला. "खेळायलाच बसा की."

शनिवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. हात त्यांनी घासघासून धुतले होते, तरी नखांच्या कडांना पांढरं राहिलंच होतं. दुकानाच्या अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो राहू द्या, राहू द्या, काका. घरचंच समजा." कंपाउंडरने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. घड्याळजींनी स्वतः चहा ओतला.

काका टेबलाभोवती एक फेरी मारून आले. डोंगर ओळखले, दलदल ओळखली. जळक्या जंगलाशी थांबून म्हणाले, "इथे बाण लागला होता ना? कोणाला?"

"मला," कंपाउंडर म्हणाला.

"पाय बरा आहे ना आता?"

"एकदम," कंपाउंडर म्हणाला आणि त्याने याच्याकडे पाहून डोळा बारीक केला. याचा नवा सैनिक, एक बाणेदार भालाईत, याच्यासमोर काचेवर उभा होता. काळा अंगरखा, छाती पुढे, नवा कोरा. आठवडाभर घड्याळजींनी तो याच्यासाठी रंगवला होता. याला तो इतका आवडला होता, की त्याच्याकडे बघायचीही लाज वाटत होती.

मग घड्याळजींनी चिमट्याने शेतकरी काकांच्या तळहातावर ठेवला. हिरवी टोपी, वाकलेले खांदे. रंग अजून ओलसर असावा असा चकाकत होता.

काकांनी चष्मा वर केला आणि सैनिक डोळ्यांजवळ नेला.

"हाच ना आपला?" त्यांनी याला विचारलं.

"हाच."

"पूल ओलांडून आलेला?"

"हो."

"बारीक झालाय बिचारा," काका म्हणाले. "थंडीनं."

बाईंनी मान वळवून पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. घड्याळजींनी काडेपेटी उघडून तीन लाल दोरे काकांपुढे ठेवले आणि नियम सांगायला सुरुवात केली. काकांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"ते मला ठाऊक आहे हो. याने सगळं सांगितलंय." तिन्ही दोरे त्यांनी एकदम उचलले आणि टेबलावरून हात लांबवून याच्यापुढे धरले. "हे तूच ठेव. मी इथे दुसऱ्या कोणाला ओळखतो?"

पहिल्याच बैठकीत, पहिला फासा पडायच्या आधी, असं आजवर कोणी केलं नव्हतं. कंपाउंडर हसायचा थांबला. घड्याळजींनीही भिंग काढून हातात घेतलं. नको म्हणायची वेळ हीच होती, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते कळत होतं, काका सोडून.

त्याने दोरे घेतले. भालाइताच्या कमरेला बांधू लागला, तर गाठ बसेना. एकदा सुटली, दोनदा सुटली. सगळे बघत होते आणि काच कापताना कधी न हलणारी त्याची बोटं एकमेकांत अडकत होती.

"आण इकडे," काका म्हणाले. त्यांनी भालाईत त्याच्या हातातून घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि तिन्ही दोरे एकामागून एक स्वतःच बांधून दिले. मग प्रत्येक गाठ नखाने ओढून पाहिली.

"घे," ते म्हणाले. "आता नाही सुटायचे."